कुवारणींची बाटली

मी हौशीराम. शिरूरच्या एका कॉलेजात प्राणीशास्त्राच्या लॅबचा अटेंडंट. बावीस वर्षांत सांगाड्याला टोपी घालून सरांच्या खुर्चीत बसवला, परीक्षेच्या दिवशी बेडूक सोडले, पन रडलं कुनी न्हाई. २००८ साली मातुर एक पोरगी रडली, आन् ती माझ्यापायी.

अंकिता केंदूरची. बाप मल्हारी पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचा, आता कांदा करतो. पोरगी एमेस्सीला. प्रोजेक्ट कशावर, तर चिलटांच्या भांडनावर! पिकल्या केळावर घोंगावत्यात ना, तीच. मादीपायी नर भांडत्यात हे समद्यांना ठावं. हिला बघायचं हुतं, माद्या भांडत्यात का.

कोशातनं मादी निघाली की काही तासांत येगळी काढावी लागती, न्हाईतर नर गाठतो. त्यासाठी पोरगी पहाटेची एसटी धरायची. बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची, 'कुमारी'. मग दोघींना बशीत सोडायचं, मधी यीस्टचा ठिपका, आन् किती टकरा झाल्या ते मोजायचं. वीस मिनिटांत एखादी, लई झालं तर दोन. गरीब पोरी.

तुळशीच्या लग्नादिवशी दुपारी लॅबमधी मी एकलाच. म्हनलं, गावोगाव लग्नाचा मोसम उघडला, आन् ह्या चाळीस पोरी तशाच? नरांच्या बाटलीतनं डझनभर नवरदेव आत सोडले. रुमालाचा अंतरपाट धरला, मंगलाष्टका म्हनलो, माझी मीच साखर खाल्ली. सांजच्याला ईथरचा वास देऊन समदे निजवले आन् ब्रशनं नर तेवढे काढून घेतले. इतक्या वर्षांचा हात, पत्ता कुनाला लागतोय?

दोन दिसांनी अंकितानं टकरा मोजल्या. अठरा. दुसऱ्या बशीत एकवीस.

सर म्हनले, "हे आकडे घरी बसून लिहिलेस का?"

मग बाटलीत अळ्या वळवळाय लागल्या. पोरगी माझ्याकडं आली.

"मामा, कुमारींच्या बाटलीत अळ्या कशा वो?"

मला हसू फुटत हुतं. तेवढ्यात तिचे डोळं भरले. "सर म्हनत्यात, तुला नर-मादी वळखता येत न्हाई, मी प्रोजेक्टवर सही करनार न्हाई. सही न्हाई म्हंजी ह्याच साली लगीन. रांजणगावच्या कंपनीतलं स्थळ आलंय. आप्पा म्हनत्यात, जमत नसंल तर एसटीचा पास कशाला काढायचा?"

म्या हातातली बाटली खाली ठिवली.

"अंकिता, तू चुकली न्हाईस. म्या त्यांचं लगीन लावलं."

"काय?"

"तुळशीच्या दिवशी. नर सोडले."

"मंगलाष्टका म्हनून?"

"दोनच."

हातातला कापसाचा बोळा तिनं माझ्या अंगावर फेकला. "तीन महिन्यांची मेहनत, मामा!" मग वही वढली. "किती वाजता सोडले? काढले कवा?"

म्या समदं सांगितलं. ती लिहीत गेली. "म्हंजी नर लागल्यावर भांडनं वाढली."

"आता लगीन झाल्यावर बाया..."

"मामा, गप ऱ्हावा. बायांचं न्हाई, चिलटांचं चाललंय. अंडी घालायला पोटात पडाय पायजे, त्यापायी यीस्टवर हक्क सांगत असतील. पन एकदा झालं म्हनून खरं धरता येत न्हाई. परत करून बघाय पायजे."

सरांफुडं जाऊन म्या कबूल केलं. मेमो मिळाला. अंकिताला महिनाअखेरपतूर मुदत मिळाली. ह्या बारीला नर तिनं सोडले, घड्याळ लावून. मी नुसत्या बाटल्या धुतल्या.

दहाव्या दिवशी मल्हारी दारात. "चल. रविवारी पावनं येनार हायेत, घरी तयारी करायचीय."

"आप्पा, दहा मिनटं थांबा. बशी अर्ध्यावर हाय."

म्या स्टूल सरकवलं, भिंग दिलं. मल्हारीनं डोळा लावला आन् हरखला. "आरं, टकरा! मेंढं हायेत जनू!"

"माद्या हायेत, आप्पा. नर लागलेल्या. ह्या बशीत बघा, कुवारणी."

त्यानं दोन्ही बश्या आलटून पालटून बघितल्या. "गाभन मेंढी चाऱ्यावर अशीच ढुशी देती. ह्यात नवीन काय? आमच्यात शेंबड्या पोराला ठावं हाय."

"मेंढीच्या ढुशा कुनी मोजल्या का, आप्पा?"

"त्या कोन मोजतंय?"

"ह्यांच्या मी मोजतीय."

मल्हारीनं परत भिंगाला डोळा लावला. माझ्या जिभेवर दोन टोमणे आलेले, ते गिळले. जरा येळानं तो पुटपुटला, "ही घे, आनिक एक."

"ती धरू नका आप्पा, तिनं नुसता पाय लावला. डोक्यानं मारली तर धरायची."

"आसं व्हय." तो आनिक वाकला. "पावन्यांना काय सांगू मग?"

"परीक्षा हुस्तवर थांबा म्हनावं. काम चालू हाय."

"कसलं काम इचारलं तर? चिलटं मोजती म्हनलं तर हसतील की."

"हसू द्या."

मल्हारीनं भिंगावरचा डोळा काढला न्हाई. "हसनाराच्या घरी मला पोरगी द्यायचीच न्हाई," म्हनला. "आता बोलू नगंस, मोजायचं ऱ्हाईल."