रक्तचंदनाची बाहुली

डिचोलीच्या कृष्णनाथ मेस्तानं थोरल्या लेकीला, ऋतिकाला, लग्नात दागिन्यांबरोबर रक्तचंदनाची वीतभर बाहुली दिली होती. स्वतःच्या हातानं कोरलेली, अगदी नाकातल्या नथेसकट. मुका मार लागला, सूज आली, की ती सहाणेवर पाण्यात उगाळायची आणि लाल लेप लावायचा. घरोघरी असते तशीच.

पार्से गावातल्या सासरी आठ महिन्यांत ती बाहुली पायांकडून कमरेपर्यंत झिजली. आता तुम्हीच सांगा, घरात धडपडणारं पोर नाही, मग एवढा लेप लागला कुणाला? नवऱ्याचा, गौरेशचा, हात पडायचा आणि सासू सुमंगला लगेच सहाण घेऊन बसायची. "लाव गो बाय, दोन दिवसांत सूज उतरते." मुलाला मात्र एका शब्दानं बोलली असेल तर शपथ! आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

ऋतिकाला एकच हवं होतं. बापानं यावं आणि आपल्याला घेऊन जावं. कळवणार कसं? तिचा मोबाइल गौरेशच्या खिशात.

गणपतीची चवथ झाल्यावर कृष्णनाथ आपणहून भेटायला आला. चहा घेताना त्याची नजर सहाणेकडे गेली. जन्म लाकडात घालवलेला माणूस! बाहुली उचलून त्यानं झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"एवढी कशी झिजली?"

"माझे गुडघे हो!" सुमंगला फट्‌दिशी म्हणाली.

ऋतिका दारात उभी होती. तिच्या गालावरचा लेप अजून ओला होता. बापानं गाल पाहिला, बाहुली पाहिली आणि ती हळूच खाली ठेवली.

"शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात यायचंय. तेव्हा येऊन जातो," एवढंच म्हणाला.

कळलं! बापाला कळलं! ऋतिकाला आनंदानं रडूच आलं. त्या आठवड्यात गौरेशनं दोनदा हात उचलला, तरी तिला काही वाटलं नाही. गुरुवारी तिनं चार साड्या बॅगेत भरल्या आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

शुक्रवारी बाप आला. सुमंगला चहा ठेवून मागीलदारी गेली. त्यानं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नवी बाहुली. पहिलीपेक्षा जाड, चांगली मनगटाएवढी.

"ही गाभ्याची आहे. दोन वर्षं तरी पुरेल."

"बाबा, मी बॅग भरलीय."

"खुळी काय गो तू? सेजलचं जमत आलंय. तू घरी येऊन बसलीस तर तुझ्या बहिणीला कोण करून घेईल? तुझ्या आईनं माझ्या घरात दोन बाहुल्या झिजवल्या. गेली कधी माहेरी?"

आईच्या पाठीवरचा लेप ऋतिकानं लहानपणी कितीदा पाहिला होता. "न्हाणीत पडले गो," आई सांगायची, आणि तिनं ते आजवर खरं मानलं होतं. समोर बसलेल्या बापाची तिला शिसारी आली. त्याच्या हाताला हात लागू नये म्हणून ती मागे सरकली.

"सेजललाही देणार तुम्ही बाहुली?"

"न देऊन कसं चालेल? माणसं चांगली आहेत, तरी असलेली बरी. तिची झालीच आहे. डोळे तेवढे कोरायचे राहिलेत," म्हणत कृष्णनाथनं चहा बशीत ओतला.