ईस्टरचं लाल अंडं

आमच्या सर्जरीच्या वॉर्डात ग्लिकेरियाइतकी कामसू नर्स दुसरी नाही, आणि तिच्याइतकी भित्रीही. स्मारांदा दाखल झाली, तिला एचआयव्ही आहे हे कळलं, आणि ग्लिकेरियाने हातमोज्यांवर हातमोजे चढवले. साधा ताप बघायचा तरी तेच. मी हेड नर्स. ताप बघून कुणाला काही होत नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. पालथ्या घड्यावर पाणी.

स्मारांदाच्या पित्ताशयात खडे होते. ऑपरेशन लांबवण्यासारखं नव्हतं. ईस्टरच्या सकाळी तिचं रक्त घ्यायचं होतं, पण दुहेरी मोज्यांतून ग्लिकेरियाला शीर सापडेना. टोचून टोचून हात काळानिळा केला आणि नंतर बघू म्हणत सटकली.

मग लाल रंगवलेली उकडलेली अंडी आली. ईस्टरला 'ख्रिस्त उठला आहे', 'खरंच उठला आहे' असं म्हणत आम्ही एकमेकांच्या अंड्यावर अंडं आपटतो. ज्यांनी आपटलं ते परलोकातही भेटतात, असं जुनी माणसं सांगतात. ग्लिकेरिया प्रत्येक खाटेपाशी हसतखेळत गेली. स्मारांदाचं अंडं मात्र तिने लांबूनच टेबलावर ठेवलं आणि पुढे सरकली.

मी वळून बघते तो स्मारांदा पिशवी भरत होती. ऑपरेशन नको, घरी जाते म्हणाली. मी विनवलं, रागावले. ती ऐकेना. अशाने माणूस दगावतं.

ग्लिकेरिया धावत येऊन दारात आडवी उभी राहिली.

"वाट सोडा सिस्टर," स्मारांदा म्हणाली. "मी तान्ही असताना इस्पितळातल्याच सुईने मला हे दिलं. घाबरायचं तर मी तुम्हाला घाबरायला हवं. तरी सकाळी हात पुढे केलाच ना मी?"

ग्लिकेरियाचा चेहरा उतरला. मला तिचा राग आला होता, तरी कीवही आली. तिने मोजे काढून टाकले, खिशातलं स्वतःचं अंडं काढलं आणि उघड्या हाताने पुढे धरलं.

"ख्रिस्त उठला आहे."

स्मारांदाने पिशवी खाली ठेवली. मग मागे वळून तिने टेबलावरचं अंडं उचललं.

"खरंच उठला आहे."

ग्लिकेरियाचं अंडं फुटलं.

"आता वरही माझ्याशीच गाठ आहे तुमची," स्मारांदा म्हणाली.

"असू दे. पण इतक्यात नको. बस बघू, दुसरा हात दे."

रक्त घेताना तिने मोजे घातले, नियमाप्रमाणे एकच जोडी. बोटाने शीर चाचपली. सुई जवळ नेली, मागे घेतली आणि शीर पुन्हा चाचपली.

"सावकाश होऊ द्या, सिस्टर," स्मारांदा म्हणाली. "मी कुठे जात नाही."