जड नाकाचा पटर

मी पटर बोलतोय, गोल्फची एक काठी. गोल्फचा चेंडू अलगद ढकलून भोकात घालायचा, एवढंच माझं काम. जिंतुरात गोल्फचं मैदान नाही आणि तरीही मी इथे आहे, यात माझा काही दोष नाही.

व्यंकटराव निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लेकीनं, अबोलीनं, मला पुण्याहून पाठवलं. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस, पण माझी मूठ धरताना त्यांच्या तळव्याला घाम फुटायचा. त्या भित्र्या हातावरच माझा जीव जडला.

दर रविवारी आम्ही शेजारच्या बसवराजांच्या गच्चीवर जायचो. त्यांचं कापडाचं दुकान आहे. ते पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी अंथरत आणि टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवत. त्यांच्याकडे दुसरा पटर होता, रुंद डोक्याचा. तो पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपला.

त्याला बोटावर आडवं तोललं, की तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, थेट आभाळाकडे. जसा काही ध्यानाला बसलाय! मला तोललं, की माझं नाक, म्हणजे डोक्याचं पुढचं टोक, खाली झुकतं. मी घडलोच तसा. मागे जाताना तोंड जरा उघडायचं, पुढे येताना मिटायचं, असा वळता हात मला लागतो. त्याला वळणं आवडत नाही.

व्यंकटरावांचा चेंडू नेहमी पेल्याच्या उजवीकडून जायचा, बसवराजांचा डावीकडून.

"सर, पेला सरकवू का उजवीकडं?"

"आणि तुमच्यासाठी डावीकडं कोण सरकवणार, शेठ?"

गच्चीवर व्यंकटराव असं हसण्यावारी नेत. घरी आल्यावर मात्र बायकोला विचारत, "कावेरी, माझ्या हातातच खोट असेल का गं?"

असू दे खोट, मी मनात म्हणायचो. हात तेवढा माझा राहू दे.

एका रविवारी कावेरीबाई गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "अहो, तुमची काठी सतरंजीचा पट्टा सोडतच नाही. सरळ मागं, सरळ पुढं. भाऊजींची बघा, विळ्यासारखी वळायलीय. काठ्या बदलून तर बघा!"

"अबोलीनं दिलाय हा," व्यंकटरावांनी मला घट्ट धरलं. इतका सुखी मी कधीच नव्हतो.

"द्या हो सर. मी काय खातो का त्याला?"

पकड सुटली.

बसवराजांच्या हातात मी उघडलो, मिटलो आणि चेंडू ठण्णकन पेल्यात. "अरारारा, लय भारी!" ते ओरडले. माझंही ऊर भरून आलं असतं. पण लगेच दुसऱ्यांदा ठण्ण वाजलं आणि व्यंकटराव हसले. असं मोकळं हसणं माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते त्या रुंद डोक्याच्यानं एका फटक्यात मिळवलं.

आता मी कापडाच्या दुकानात, मीटरपट्टीशेजारी उभा असतो. बसवराज गिऱ्हाइकांपुढे माझं कौतुक करतात. व्यंकटरावांनी मला परत मागितलेलं नाही.

तुम्ही पटर घ्याल तेव्हा दुसऱ्याचा बघून घेऊ नका. आधी आपला हात कसा चालतो ते पाहा, मग आम्हाला बोटावर तोला. सरळ हाताला आभाळाकडे बघणारा घ्या, वळत्या हाताला माझ्यासारखा. शहाणपण मी सांगतो खरं. पण रविवारी गच्चीवर व्यंकटराव त्याला घेऊन वाकले, की मी देवाकडे एवढंच मागतो, आजच्या दिवस चेंडू चुकू दे.

चुकत नाही.