ज्यावर थू-थू करायची राहिली तो शब्द

मी एक शब्द बोलतोय. तीन रात्री स्तामातियाचा डोळ्याला डोळा लागलेला नाही, पोरीला सांगायचं कसं या काळजीनं. आणि मूळ दोष माझा, असं तिच्या सासूचं म्हणणं.

मी जन्मानं ग्रीक. 'एफ' म्हणजे चांगला, 'फोनी' म्हणजे आवाज. दोन्ही जोडून मी झालो, एफोनिया. जुन्या काळी नट नि वक्ते माझ्यासाठी गळा कमावत. पुढे रोमनांनी मला नेलं, मग फ्रेंचांनी. इंग्रजांनी माझं 'युफनी' केलं आणि कोशात बसवलं. तिथे माझं पान क्वचितच कोणी उलटतं.

ग्रीसमधल्या खिओस बेटावर मात्र स्तामातियानं मला घरात आणलं. ती शाळेत जुनी ग्रीक शिकवते. तान्ही मिर्सिनी पाळण्यात हुंकार द्यायची, तेव्हा ती म्हणाली, "हिच्या गळ्यात तर एफोनियाच आहे." आणि वर नजर लागू नये म्हणून तीनदा थू-थू करायचं राहून गेलं. इथे त्याशिवाय कोणी बाळाचं कौतुक करत नाही.

आता मिर्सिनी सहा वर्षांची आहे. अथेन्सचे डॉक्टर म्हणाले, तिचं ऐकणं कमी कमी होत वर्षभरात संपेल. इलाज नाही.

सासू झाम्बेता झाडाच्या डिंकाचे खडे चाकूनं साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "सूनबाई, एवढी शिकलीस, पण थुंकायला नाही शिकलीस."

"अहो आई, कानाच्या नसेचा आजार आहे तो."

"असेल. कौतुक कोणी केलं होतं?"

स्तामातिया नजरबिजर मानत नाही. तरी तेव्हापासून तिनं मला एकदाही उच्चारलेलं नाही. धड्यात आलो तर गाळून पुढे जाते. मी निर्दोष आहे, असं छातीठोकपणे मलाही सांगता येत नाही. मला छाती तरी कुठे आहे?

एकदाच, निदान एकदा, कोणीतरी मला मिर्सिनीच्या कानात म्हणा. मी नुसत्या आवाजाचा बनलोय. ते दार बंद झालं की मला तिथे वाट नाही.

आज अंगणात मिर्सिनीला समोर बसवून स्तामातियानं सांगून टाकलं, "बाळा, हळूहळू सगळे आवाज बारीक होतील. मग थांबतील. माझाही."

मिर्सिनी संत्र्याची फोड चोखत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुलाही ऐकू येणार नाही ना, आई? आपल्या दोघींचं एकदमच बंद होईल ना?"