मुगाएवढा किडा, सुपाएवढं पाकट

तोंडवलीत कुणाचा गुडघा धरला की पाय हौसाबाईच्या पडवीकडेच वळायचे. भोपळ्याच्या वेलावर येणारा मुगाएवढा किडा ती वाळवून कुटायची, खोबरेलात कालवून गुडघ्याला लावायची. रातोरात टरारून फोड यायचा. फोड आला की दुखणं पळालं, असं हौसाबाईने म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती! तिचा स्वतःचा डावा गुडघा मात्र किड्याला दाद देत नव्हता. "विहिरीवर पाय मुरगळलो," असं सांगत ती लंगडायची.

आणि मग गावातल्या निजामच्या जाळ्यात एक पाकट मासा आला. सुपाएवढा चपटा, हात लावला की विजेसारखा झटका देणारा. गावात विजेचे खांब यायला अजून अवकाश होता, पण निजामच्या बायकोकडे, जोहराकडे, वीज आली! समुद्रकाठच्या खडकातल्या डबक्यात तिने ते पाकट जिवंत ठेवलं. गुडघा धरलेल्या सुभद्राने त्यावर पाय ठेवला, किंचाळली आणि दुसऱ्या दिवशी तुरुतुरु बाजाराला गेली. झालं! हौसाबाईची पडवी ओस आणि डबक्यावर ही झुंबड.

हौसाबाईच्या पोटात नुसता भडका उडाला. जन्मभर किडे वेचले मी, आणि नाव कुणाचं? कालच्या पोरीचं! तिला भाकरी गोड लागेना. शेवटी ती लंगडत डबक्यावर गेलीच.

"माझो किडो मुगाएवढो, पण फोड तरी दाखयता. तुझ्या ह्या धोंडाचा काय? बघूया!" म्हणत तिने सगळ्यांदेखत डावा पाय पाकटावर ठेवला. झटका पार कमरेपर्यंत गेला. दात आवळून ती म्हणाली, "हॅट! मुंगी चावली."

"उद्या बघ, हौसाबाय," जोहरा एवढंच म्हणाली.

सकाळी उठली तर गुडघा हलका! बया गो! आनंदाने रडावं की रागाने, तिला कळेना. पण आता ताठ चालत गेली तर किड्याला आणि तिला, दोघांनाही कुत्रं विचारणार नव्हतं. घागर कमरेवर घेऊन ती कण्हत, लंगडत विहिरीवर पोचली.

"कसो आसा पाय?" सुभद्राने विचारलं.

"कसलो बरो होता गो! रातभर डोळो लागूक नाय. तां पाकट कालवणात घाला."

तिथेच पाणी भरणाऱ्या जोहराने हौसाबाईच्या पायांकडे पाहिलं. मग जवळ येऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने पुटपुटली, "हौसाबाय, तुझो दुखणारो पाय डावो."

हौसाबाईने खाली पाहिलं. आणि तिथल्या तिथे, साऱ्या बायकांसमोर, तिने लंगडायचा पाय बदलला.