बर्फावर नेलेली लसगाडी

माझ्या तळाला चार गोल भोकं आहेत, मित्रांनो. ती गंजाने पडली नाहीत, उंदरांनीही पाडली नाहीत. माणसांनी दिवसाढवळ्या, माप घेऊन पाडली. त्यांचीच गोष्ट सांगते. सांगताना आवाज चढला तर चढू द्या. जुन्या गाडीवर गोड बोलायची सक्ती नसते.

मी जिल्हा आरोग्य कार्यालयाची लसगाडी. मला इंजिन नाही. एखाद्या पिकअपच्या मागे जोडलं की मी चालते. मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला, साखरेच्या बिटाची शेतं संपून तळी सुरू होतात तिथल्या एका लहानशा जिल्ह्यात माझं आयुष्य गेलं. स्वाइन फ्लूने सगळ्यांची झोप उडवली, तेव्हा देशाच्या राजधानीतून पैसे सुटले. पुढच्या साथीची तयारी करा, असं सांगून ते राज्याकडे आले आणि राज्याने डोकी मोजून जिल्ह्यांना वाटले. आमच्याकडे डोकी कमी आणि तळी जास्त. शहरांची पानं वाढून झाल्यावर भांड्याच्या तळाशी जे उरलं, ते आमच्या पानात पडलं. त्यातून मी आले. पांढरी, कोरी, आत शेगडी, लसीचा फ्रीज आणि विजेचं यंत्र असलेली.

मी जिच्या हाती आले ती मारित सोलहाइम, जिल्ह्याची नर्स. उंच, तुटक बोलणारी, आणि सुई इतकी हलक्या हाताने टोचणारी की माणूस नंतर विचारायचा, झालं का?

माझ्या कारखान्यातून आलेल्या पायऱ्या लोखंडी, अरुंद आणि उभ्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात आर्ने बाकेन नावाचा म्हातारा सुतार त्यांच्यापुढे येऊन थांबला. मी काही बोकड नाही, असं मारितला सांगून लस न घेताच परत गेला. पुढच्या आठवड्यात आला तो ओकच्या चार रुंद पायऱ्या आणि हाताला गुळगुळीत लागणारा कठडा घेऊन. ते बसवून झाल्यावर त्याने बाही वर केली. मारितने पायऱ्यांवरून दोनदा चढउतार केली आणि म्हणाली, "वाईट नाहीत." आमच्या भागात याहून मोठी स्तुती कुणी करत नाही. आर्नेचे कान लाल झाले.

ती माझी चांगली वर्षं. शरद सुरू झाला की आम्ही निघायचो. चर्चच्या आवारात, साखर कारखान्याच्या फाटकाशी, तळ्याच्या पलीकडच्या वस्त्यांवर. लस साध्या फ्लूची असायची, पण मारितच्या मनातलं काम वेगळं होतं. ज्या दिवशी खरंच मोठा आजार येईल, त्या दिवशी या लोकांना माझ्या पायऱ्यांची सवय असली पाहिजे, असं ती म्हणायची. सवय एका दिवसात लागत नाही, मित्रांनो. ती पैशाने विकतही मिळत नाही. पण ती टिकवायला पैसे लागतात, आणि नेमके तेच आटू लागले.

कारण काय, तर मोठा आजार आला नाही.

दरवर्षी राजधानी थोडं कापायची, मग राज्य कापायचं. उरलेल्यावर अट असायची की यातून वस्तू घ्या, पगार देऊ नका. मारितचं काम अर्ध्या वेळावर आलं. माझी वीज बंद झाली. मी ऑफिसमागे उभी राहिले आणि माझी चाकं तणात बसली. शेवटी एका वसंतात जिल्हा मंडळाचा अध्यक्ष गॉर्डन हाउगलंड मला बघायला आला. मारित सोबत होती. त्याने बुटाच्या टोकाने माझं चाक ठोकलं.

"मारित, इतकी वर्षं झाली. आला का तुझा तो आजार?"

"मागच्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला, तर तू बर्फ लोटायची गाडी विकलीस का?"

"बर्फाचा भरवसा आहे. तो दरवर्षी येतो."

बरोबर असलेले दोघं हसले. मारित हसली नाही. त्या उन्हाळ्यात माझा लिलाव झाला.

मला ड्वेन फिस्कम नावाच्या ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्याने घेतलं. ड्वेनवर माझा राग नाही. आमच्याकडे हिवाळ्यात तळी गोठली की माणसं बर्फावर खोपटी ओढून नेतात, आत शेगडी पेटवतात आणि बर्फात भोक पाडून गळ टाकून बसतात. ड्वेनला खोपटं हवं होतं. जिथे मारितचा फ्रीज होता तिथे त्याने बियरचे डबे रचले, खिडकीला चौकड्यांचा पडदा लावला आणि तळाला चार भोकं कापली, खालच्या बर्फात गिरमिट घालायला. आर्नेच्या पायऱ्या मात्र त्याने काढल्या नाहीत. गुडघ्यांना बऱ्या पडतात म्हणाला.

राग आहे तो मला विकणाऱ्यांवर. माझ्याशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांनी फक्त एक बेरीज केली आणि त्यात आर्नेला धरलं नाही.

मग कोरोना आला.

आर्ने तेव्हा तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात राहायचा. तिथे काम करणाऱ्या बायकांची दर आठवड्याला तपासणी व्हायला हवी होती. तपासणीचं ठिकाण शहरात, जाऊन येऊन अख्खा दिवस जाणार. घरी पोरं, शाळा बंद, पगार बेताचा. काहीजणी गेल्या, काहींना जमलं नाही. त्यांना दोष देणाऱ्याने आधी त्यांच्या कामाची एक पाळी करून दाखवावी. मी आश्रमाच्या दारात उभी असते तर कामावर जाता जाता त्यांची तपासणी झाली असती. मारितने गाडी मागितली. राज्याने कळवलं की मागण्या डोक्यांच्या क्रमाने लागल्या आहेत, थांबा. आजार थांबला नाही. तो कामाच्या बुटांबरोबर आत गेला.

आर्ने पानगळ सरता सरता गेला. मारित बाहेर खिडकीशी उभी होती. त्याने आतून काचेला हात लावला आणि तिने बाहेरून. हे ती नंतर माझ्यात बसून ड्वेनला सांगत होती, म्हणून मला ठाऊक.

त्यानंतर ती कुणासाठी थांबली नाही. तळं गोठलं तशी ती बर्फावरून चालत आली आणि माझं दार ठोठावलं. ड्वेन गळ टाकून बसला होता.

"ड्वेन, मला माझी गाडी हवी."

"आत्ता?"

"आत्ता."

त्याने भोकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि दोरी गुंडाळायला घेतली. "नाहीतरी मासे कुठे लागतायत," म्हणाला. त्याच दिवशी त्याने स्वतःच्या पिकअपने मला ओढून काठावर आणलं आणि भोकांवर फळ्या ठोकल्या.

लस आली तेव्हा आम्ही दोघी तयार होतो. फटींतून वारा यायचा. म्हाताऱ्या बायका तक्रार करायच्या, मारित, तुझ्या गाडीत खालून फार गार लागतं गं. मारित म्हणायची, बरंच आहे, सुईकडे लक्ष जाणार नाही. आणि लोक यायचे, मित्रांनो. जुन्या पायऱ्या ओळखून, कठड्याला हात लावून, न विचारता वर चढायचे. सवय राहिली होती. फक्त आर्ने राहिला नव्हता.

त्यानंतर पैशांचा पूर आला. अमुक तारखेच्या आत खर्च करा, नाहीतर परत घेऊ. वस्तू घ्या, माणसं नकोत. मारित एका नर्सचा पगार मागत होती. तिला माझ्या दुप्पट लांबीची चकचकीत गाडी मिळाली. ती चालवायला कुणी नाही. ऑफिसमागे माझ्याच शेजारी उभी आहे, खुर्च्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नाही. उरलेले पैसे राज्याने मागे घेतले. कारण विचारू नका. आजार गेला ना!

या वसंतात मंडळाच्या बैठकीत नव्या गाडीच्या लिलावाचा विषय यायचा होता. मारितची अर्ध्या वेळाची नोकरी बंद करायचं कलमही त्याच बैठकीच्या यादीत होतं. बैठकीच्या सकाळी तिने गॉर्डनला ऑफिसमागच्या आवारात बोलावलं आणि माझं दार उघडून आत ये म्हणाली. गॉर्डन आता थकलाय. त्याने कठडा धरला आणि एकेक पायरी चढून आला. मारितने ठोकलेली एक फळी उचकटली. भोकातून खालचं तण दिसत होतं. त्याने वाकून पाहिलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलला.

"पायऱ्या वाईट नाहीत."

"बनवणाऱ्याला सांगायचं होतंस," मारित म्हणाली.

गॉर्डन उतरला. उतरताना त्याने कठडा धरला नाही, धरवला नसावा. बैठकीत त्याने हात कोणत्या बाजूने वर केला, ते मला अजून कळलेलं नाही. आवारात ठेवलेल्या गाडीला कोण सांगणार?

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कुणीतरी त्या टेबलाशी बसेल आणि समोर पैसे वाटायला येतील. मला रंग लावू नका, नवी चाकंही नकोत. गाडी घ्यायचीच असेल तर आधी विचारा, हिच्यात उभं कोण राहणार? त्या माणसाचा पगार आधी बाजूला काढा, आजार नसेल त्या वर्षीसुद्धा. आणि कुणी म्हणालं की काही आलंच नाही, तर त्याला माझ्याकडे पाठवा. फळ्या काढून ठेवते.