बाबांच्या मापाचा पलंग

छत्तीसगढ राज्य झालं आणि आमची एक खोली गेली. रायपूर राजधानी झालं, भोपाळहून ऑफिसं आली, साहेब आले, त्यांच्यामागे त्यांची माणसं आली आणि पुरानी बस्तीतल्या आमच्या घरमालकाला एकाएकी उमगलं, की आमच्या तीन खोल्यांपैकी रस्त्याकडची खोली भलतीच मोलाची आहे. त्याने हात जोडून, गोड बोलून ती परत घेतली. तिथे आता एका ठेकेदाराचं ऑफिस आहे आणि आमच्या दारात त्याच्या मोटरसायकली उभ्या असतात. मला त्या मोटरसायकलींचा अजूनही राग येतो.

उरल्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. रस्त्याकडच्या बैठकीतला सोफा मधल्या खोलीत आला. मधल्या खोलीतलं माझं माहेरहून आलेलं लोखंडी कपाट मागच्या खोलीत गेलं. मागच्या खोलीत आधीच माझे सासरे दत्तोपंत, म्हणजे बाबा, नवारीच्या खाटेवर झोपायचे आणि माझी दोन्ही मुलं, दहा वर्षांचा विहंग आणि साडेपाच वर्षांची गंधाली, खाली गादीवर. कपाट आल्यावर तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबा पहाटे उठले की विहंगच्या हातावर पाय पडायचा. मग विहंग ओरडायचा आणि बाबा दिवसभर ओशाळे होऊन बसायचे.

"मी असं करतो, नागपूरले जातो," बाबा एक दिवस म्हणाले. "धाकट्याकडे जागा आहे."

धाकट्या दिरांकडे जागा आहे हे खरं. पण ती तिसऱ्या मजल्यावर आहे, बाबांचे गुडघे गेलेले आहेत आणि दीर-जाऊ दोघंही दिवसभर कामावर असतात. मागे एकदा बाबा तिथे राहून आले तेव्हा अर्धे होऊन आले होते. दिवसभर गॅलरीत बसून राहायचो, एवढंच सांगितलं.

शेखर, माझा नवरा, 'बघू' म्हणाला. शेखर प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणतो. मला मात्र बघायचं नव्हतं. मी शाळेत शिकवते. सकाळी मी निघाल्यापासून परत येईपर्यंत माझी मुलं या माणसाच्या जिवावर वाढली आहेत. आणि ते राहू द्या, मुलांचं निमित्त कशाला करू, मलाच बाबा हवे होते. शाळेतून आल्यावर 'चहा घेऊन राहिली का?' असं विचारणारं घरात दुसरं कोणी नाही.

म्हणून मी दुमजली पलंगाची कल्पना काढली. मुलं एकावर एक झोपली की बाबांची खाट सुटी होईल. रात्री आत, दिवसा उभी करून अंगणात, जशी रोज असते तशी.

शेखर आणि मी फर्निचरच्या एका नव्या दुकानात जाऊन आलो. बरोबर बाबाही होते. दुकानात दोन पलंग होते, दोन्ही गुळगुळीत, एक गुलाबी आणि एक निळा. मी निळा धरून हलवला तर तो कुरकुरला.

"हिलेगा नहीं भाभीजी," दुकानदार म्हणाला.

"अभी तो हिला," मी म्हटलं.

वरच्या पलंगाचा कठडा बरा दिसत होता. बाबांनी त्यावर आपला पंजा आडवा ठेवला आणि विचारलं, "गादी कितीची टाकणार?" मी गोल बाजारातून आणलेल्या कापसाच्या जाड गादीचं सांगितलं. ते हसले. "मंग कठडा गादीतच गेला ना. पोट्टं झोपेत लोळलं की सरळ खाली." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शिडी गोल पाइपची होती, अगदी सरळ उभी. मी चप्पल काढून दोन पायऱ्या चढले तर तळव्याला पाइप रुतला आणि उतरताना पाय सुटला. शेखरने मला धरलं. दुकानदार दुसरीकडे बघत होता.

बाबा रेल्वेत टीटी होते. बिलासपूर ते नागपूर मार्गावर त्यांनी आयुष्यभर लोकांना बर्थ दिले. वरच्या बर्थवरून पडलेली मुलं त्यांनी पाहिली होती. डोंगरगढच्या अलीकडे पडलेल्या एका मुलाची गोष्ट ते नेहमी सांगायचे आणि ती कधी पूर्ण करायचे नाहीत.

"मी बनवून घेतो," बाबा म्हणाले. "उरल्याला, तिकडं कारखान्यांच्या भागात, शंकर आहे. त्याचा बाप आमच्या गाडीत अटेंडंट होता. वेल्डिंगचं काम चांगलं करते."

मी माझ्या अटी सांगितल्या. कठडा चारही बाजूंनी, गादी टाकल्यावरही हातभर वर राहील असा. कठड्याच्या पट्ट्यांत मुलाचं डोकं शिरेल एवढी फट नको, शिरून अडकेल अशी तर नकोच. कोपरे घासून गोल. वर बसलं तरी पंख्याला हात पुरता कामा नये. बाबांनी सगळ्याला 'हव' म्हटलं आणि स्वतःची एक अट घातली. खालच्या पलंगावर माणसाला ताठ बसता आलं पाहिजे. गाडीत माना वाकवून बसलेली माणसं पाहून त्यांना कंटाळा आला होता.

वर कोण, खाली कोण यावर घरात चार दिवस रणधुमाळी झाली. गंधालीला वर झोपायचं होतं.

"मैं ऊपर सोऊंगी," ती म्हणाली. मी मराठीत विचारलं तरी ती हिंदीतच उत्तर देते. त्याचं मी आता मनाला लावून घेत नाही.

"तू लहान आहे. वर दादा."

"दादा तो रोज गिरता है."

हे खरं होतं. विहंग जमिनीवरच्या गादीवरून रोज सरकत सरकत कपाटापर्यंत जायचा. तरी निवाडा बाबांनी केला. "सहा वर्षं झाले की तुले वरची बर्थ. आत्ता वेटिंग." गंधाली हा शब्द मैत्रिणींना सांगत फिरली.

खोलीचं माप बाबांनीच घेतलं. मी शाळेत होते. संध्याकाळी आले तर टेप खिशात, चेहरा खूश. मग ते दर दोन-तीन दिवसांनी टेम्पोत बसून उरल्याला जाऊ लागले. परत यायचे तेव्हा डोक्यावर, भुवयांवर त्या कारखान्यांची काळी धूळ असायची. मी ओरडायचे, त्या गुडघ्यांनी एवढ्या लांब जाऊन काय करून राहिले म्हणून. ते म्हणायचे, "उभं राहिल्याशिवाय काम होत नाही." एकदा त्यांनी शंकरला पायऱ्या तोडून परत करायला लावल्या. मला बरं वाटत होतं. माणूस स्वतःच्या घरातल्या वस्तूसाठीच एवढा राबतो, असं मी समजून चालले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मेटाडोर आली. शंकर आणि ड्रायव्हर यांनी सुटे भाग आत नेऊन पलंग उभा केला. मी तो सगळ्या बाजूंनी हलवला. मेला जागचा हलला नाही. कठडा माझ्या म्हणण्यापेक्षा चार बोटं उंचच होता. खाली मी स्वतः ताठ बसून पाहिलं. आणि पायऱ्या! सरळ शिडी नव्हतीच. पलंगाच्या पायथ्याशी रुंद, सपाट पत्र्याच्या, खरखरीत केलेल्या पायऱ्या तिरप्या चढत गेल्या होत्या, बाजूला धरायला दांडा. गंधाली हात सोडून चढली आणि हात सोडून उतरली. मी शंकरला म्हटलं, चहा पिऊनच जायचं.

चहा ठेवला आणि सहज म्हणून अंगणातली बाबांची खाट आत आणायला गेले. कशी बसते ते बघावं म्हणून.

ती बसली नाही. आडवी बसली नाही, उभी बसली नाही. पलंग, त्याच्या त्या ऐसपैस पायऱ्या आणि समोर माझं कपाट. मधे एक माणूस जेमतेम तिरका उभा राहील. मला आधी वाटलं, माप घेतलं तेव्हा खाट अंगणात उभी होती, म्हातारा माणूस, विसरले असतील. मी खाट हातात धरून बाबांकडे वळले. ते दाराशी उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याचं काहीच नव्हतं.

"राहू दे ते," ते म्हणाले. "माझा रेल्वेचा पास बनला आहे. बुधवारी जाऊन राहिलो नागपूरले."

जन्मभर ज्याने खचाखच भरलेल्या डब्यात माणसं बसवली, तो माणूस आपली खाट विसरत नाही. हे मला तेव्हा कळलं.

"बाबा, तुम्ही माप घेताना खाट धरलीच नाही."

"धरली होती. पहिल्यांदा धरली होती." ते पायऱ्यांकडे बघत होते. "मंग सरळ शिडी लागत होती. शंकरनं केली पण होती. मी चढून पाह्यलं, बरोबर नव्हती. पोट्टी घसरली असती. तोडायले लावली." मग म्हणाले, "जागा कमी पडली की पहिले टीटीची बर्थ जाते, सुशीला. पॅसेंजर उभा असला तर आपण आडवं व्हायचं नाही. नोकरीभर तेच केलं."

मला फार राग आला. त्या गुडघ्यांनी हा माणूस सरळ शिडी चढून बघत होता आणि आपल्या हाताने आपलीच जागा कापून पायऱ्यांना देत होता, आणि मी त्यांना धुळीवरून बोलत होते. पाच माणसांचं घर, त्यात एवढं सामान, आणि त्यातून हलवण्यासारखं त्यांना एकच सापडलं होतं, ते स्वतः.

मी खाट तिथेच भिंतीला टेकवली आणि मधल्या खोलीत गेले. शेखर सोफ्यावर पेपर वाचत होता. हा सोफा त्याने राज्य झाल्यावर घेतला होता. राजधानीत राहतो आपण, कोणी आलं तर बसायला बरं दिसेल, असं तेव्हाचं बोलणं. आजवर त्यावर एक विम्याचा माणूस आणि शेजारच्यांची मांजर, एवढे पाहुणे बसले होते.

"उठा," मी म्हटलं.

"काहून? काय झालं?"

"हा सोफा बाहेर जाणार. इथे कपाट येणार. कपाटाच्या जागी बाबांची खाट."

"अगं, पण कोणी आलं-गेलं तर..."

"आलं तर सतरंजीवर बसेल. तुमचे बाबा बुधवारी चालले, माहीत आहे का तुम्हाला? बसायच्या जागेसाठी आपण झोपायची जागा घालवली."

शेखर 'बघू' म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. तो म्हणाला नाही. त्याने पेपर ठेवला, मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला, पलंगाकडे, पायऱ्यांकडे, भिंतीला टेकवलेल्या खाटेकडे बघत राहिला. मग परत आला आणि सोफ्याचं एक टोक धरलं.

चहा झाल्यावर शंकर आणि ड्रायव्हर यांनी कपाट उचललं. मी आतल्या साड्यासुद्धा काढल्या नव्हत्या, त्यामुळे ते फार जड होतं आणि ड्रायव्हर दोनदा माझ्या माहेरच्या लोकांविषयी काहीतरी पुटपुटला. सोफा ओसरीत गेला. मांजर आधीच तिथे येऊन बसली होती.

बाबा सारखं म्हणत होते, "सुशीला, काहून एवढा खटाटोप करून राहिली? पास बनला आहे ना."

"पास वर्षभर चालतो का?"

"चालत नाही."

"मग जाऊ द्या वाया," मी म्हटलं. "बाबा, ही गाडी नाही. इथून कोणाला उतरायचं नसतं." माझा आवाज चढला होता आणि शेवटी तो फाटला.

कपाटाच्या जागी खाट बरोबर बसली. पायऱ्या आणि खाट यांच्यामधून गंधाली आरामात जात होती. ती लगेच तिच्या खालच्या पलंगावर जाऊन आडवी झाली आणि तिने हात लांब केला. हात बाबांच्या खाटेला लागत होता. "आजोबा, लेटो ना," ती म्हणाली.

बाबा कितीतरी वेळ उभेच होते. मग खाटेवर बसले, गुडघे धरून पाय वर घेतले, आडवे झाले. मी दारात चहाचे कप हातात घेऊन उभी होते. त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि वर पाहिलं.

"इथं पंख्याची हवा येत नाही," ते म्हणाले. "वरच्या पलंगानं अडवली."

शेखर घाईने म्हणाला, "बाबा, आता एवढं हलवलं..."

"बोलू द्या त्यांना," मी म्हटलं.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाने स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. भाजीत मीठ कमी असलं तरी वरून घेत नाहीत. बाबांनी कूस वळवली आणि खिडकीकडे बोट केलं.

"अन् ही खिडकी डोक्याशी आली. डास चावतीन. जाळी लागन इले." पुन्हा पंख्याकडे बघून पुटपुटले, "फेब्रुवारीत हे असं, तर मे महिन्यात काय होईन माझं?"

मी कप खाली ठेवले आणि पदराने डोळे पुसले, आणि ते कोणी पाहिलं तरी मला चालणार होतं. मग म्हटलं, "मे महिन्याच्या आधी कूलर लावू बाबा. तुमच्या बाजूने."